पन्नासावी गाय

२१ नोव्हेंबर १९८२

किनवटच्या जंगलातून बदली होऊन इथं आलो त्याला आज महिना झाला. गावाचं नाव तळ्याची वाडी. तळं आहे, पाणी नाही. लातूर जिल्हा ऑगस्टात झाला, पण आमच्या दवाखान्याचा शिक्का अजून उस्मानाबादचाच आहे. शेषेराव शिक्का मारतो, त्यावर काट मारतो आणि शेजारी हातानं 'लातूर' लिहितो. शेषेराव म्हणजे माझा पट्टीबंधक. बावीस वर्षं नोकरी झालेला, कमी बोलणारा. बोलला की नेमकं नको ते बोलतो.

आज वरून पत्र आलं. नव्या जिल्ह्यातलं पहिलं वंध्यत्व निवारण शिबिर आमच्याकडे. पन्नास भाकड गायी-म्हशी जमवायच्या, चार तारखेला सगळ्यांना नवीन इंजेक्शन द्यायचं आणि सात तारखेला जिल्ह्याचे साहेब पाहुण्यांना घेऊन येतील तेव्हा सगळी जनावरं एकदम माजावर आलेली दाखवायची.

पत्र वाचून छाती फुगली हे कबूल करतो. परभणीला शिकत असताना अंडाशय तपासण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

२८ नोव्हेंबर

शेषेरावला इंजेक्शन समजावून सांगितलं. गाय माजावर येऊन गेली की अंडाशयावर एक गाठ तयार होते, पीतपिंड. कच्च्या बोराएवढी. ती गाठ एक संप्रेरक सोडत राहते आणि ते आहे तोवर पुढचा माज येत नाही. गाय गाभण राहिली तर ती गाठ विरत नाही, गाभ धरून ठेवते. राहिली नाही तर सतराव्या-अठराव्या दिवशी विरते आणि गाय पुन्हा माजावर येते. आपलं इंजेक्शन ती गाठ आधीच विरघळवतं.

"मंग हे औषध फक्त त्या गाठीलाच कसं सापडतं, साहेब?" शेषेरावनं विचारलं. प्रश्न चांगला होता. मी सांगितलं, की औषध रक्तातून सगळ्या अंगभर हिंडतं, पण त्याला ओळखून धरणाऱ्या जागा, म्हणजे ग्राही, त्या गाठीवर असतात. ओळखणारं कुणी नसेल तिथं ते काही करत नाही.

"आन् गाठच नसंल तर?"

तर काहीच होत नाही. हीच माझी पंचाईत आहे. ऑक्टोबरपासून जनावरं उसाच्या पाचटावर जगतायत. उपाशी गायीचा मेंदू अंडाशयाला हुकूमच पाठवत नाही, अंडाशय निजून जातं. साहेबांना हे लिहून कळवलं होतं. उत्तर आलं, 'पन्नास जनावरे जमवावीत.'

४ डिसेंबर

शिबिर पार पडलं. हात खांद्यापर्यंत दुखतोय, तरी लिहितो.

किशनरावांच्या खळ्यावर मांडव. किशनराव म्हणजे इथले मोठे शेतकरी. गावातला एकमेव वळू त्यांचा. देवाला सोडलेला आहे म्हणतात, पण बांधलेला त्यांच्याच गोठ्यात असतो. दिवसभर ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते. प्रत्येक जनावरामागे एक डबा पेंड वाटायची होती, तीही त्यांच्याच हातून.

दुपारपर्यंत एकोणपन्नास तपासली. पीतपिंड लागला फक्त सतरा जणींत. बाकीच्यांची अंडाशयं लहान, गुळगुळीत, त्यांवर काही नाही. तरी हुकूम होता म्हणून इंजेक्शन सगळ्यांनाच दिलं. मनातून फार चडफडत होतो.

एक कमी पडत होती. शेषेरावला म्हटलं, बौद्धवाड्यातून एखादी गाय आण. तो चांगुणाबाईंना घेऊन आला. पन्नाशीची बाई, एकटी राहते, एकच गाय. पण काय गाय! अस्सल लाल कंधारी, डोळ्यांभोवती काळं वर्तुळ. नाव गुंजा. गावातली सगळी गुरं हाडाला टेकलेली आणि ही मात्र बऱ्यापैकी अंग धरून. कुठून घालते चारा कोण जाणे. शेषेराव म्हणाला, रोजगार हमीच्या कामावरून येताना बांधाबांधानं गवताची काडी काडी वेचून आणते.

मी मोठ्यानं विचारलं, "बाई, गाय फळवली आहे का?" त्या खाली बघत म्हणाल्या, "न्हाई जी." किशनराव हसून म्हणाले, "कुठून फळवतीय? वळू तर माझ्या दावणीला हाय."

हात घातला. अंडाशयं आणि गर्भाशयाची दोन्ही शिंगं, म्हणजे त्याच्या दोन फांद्या, चाचपली. उजव्या अंडाशयावर इतका सुंदर पीतपिंड लागला की दिवसभराचा शीण गेला. उजवं शिंग जरा भरल्यासारखं वाटलं, माज जवळ आला असावा. शेषेराव वहीवर पेन धरून म्हणाला, "साहेब, मागल्या माजाची तारीख कोरी हाय." म्हटलं, "टाक भाकड." नंबर पन्नास.

७ डिसेंबर

मोठा दिवस. साहेब जीप घेऊन आले, सोबत पाहुणे, फोटोवाला. पन्नासांपैकी बारा माजावर. बत्तीस जणी गुमान उभ्या, उरलेल्यांचं धड हो नाही आणि नाही नाही. साहेबांचा चेहरा उतरायला लागला होता, तेवढ्यात गुंजा हंबरायला लागली. दावं ताणत होती, शेपूट उडवत होती, स्राव गळत होता. सगळे तिच्याभोवती जमले. फोटो तिचाच निघाला. मीच तिला कृत्रिम रेतन केलं. साहेब म्हणाले, "पंचाक्षरी, शाब्बास. नव्या जिल्ह्याला असेच हात पाहिजेत."

चांगुणाबाई गर्दीच्या मागं उभ्या होत्या. एवढं कौतुक चाललं होतं, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही. त्यांना कळलं नसावं.

१० डिसेंबर

सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच चांगुणाबाई पायरीवर बसलेल्या. मांडीवर टोपलं, वर पळसाची पानं.

पानं बाजूला केली. बोटाएवढं होतं ते. चार पाय ओळखू येत होते.

"गोठ्यात घावलं," त्या म्हणाल्या. मग हात जोडून म्हणाल्या, "साहेब, म्या खोटं बोलले. गुंजा फळलेली व्हती. किशनराव बाजाराला गेलते, त्या दुपारी त्यांच्या गड्याच्या हातापाया पडून वळवापाशी नेली व्हती. आमच्या वाड्याच्या गायींला वळू देत न्हाईत ते. त्यांच्या म्होरं कसं सांगू? त्या गड्याची चाकरी गेली असती. म्या खोटं बोलले आन् माझ्या खोट्यानं लेकरू गेलं."

मी काय बोललो ते शब्द न बदलता लिहून ठेवतो. मी म्हणालो, "हं. पुढच्या वेळी खरं सांगत जा."

त्यांनी मान हलवली. पाया पडायला वाकल्या. मी पाय मागं घेतले नाहीत, इतका दगड झालो होतो. गर्भाशय धुवायचं औषध लिहून दिलं आणि म्हणालो, काळजी करू नका, पुन्हा राहील.

शेषेराव कपाटाशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही.

११ डिसेंबर

तसं पाहिलं तर चूक बाईंचीच आहे. मालकानं सांगितलेल्या माहितीवर डॉक्टर काम करतो. ते औषध पीतपिंड विरघळवतं. पीतपिंड साध्या माजानंतरचा आहे की गाभाचा, हे औषधाला कळत नाही. ग्राही दोन्हींवर सारखेच. गाठ विरली, तिचं संप्रेरक थांबलं, गाभ सुटला. शास्त्रात बसतं सगळं. मला कुणी विचारलं तर हेच सांगेन.

रात्रीचं जेवण गेलं नाही. वांग्याची भाजी नीट शिजली नव्हती.

१२ डिसेंबर

चार तारखेचं पान पुन्हा वाचलं.

'उजवं शिंग जरा भरल्यासारखं वाटलं, माज जवळ आला असावा.' हे अक्षर माझं आहे. इतका सुंदर पीतपिंड अंडाशयावर असताना माज जवळ कसा येईल? पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा असं लिहिणार नाही. भरलेलं शिंग म्हणजे गाभ. शंका आली तर ते शिंग दोन बोटांत हलकेच धरून सोडायचं. गाभ असेल तर आतला पडदा निसटल्यासारखा लागतो. दहा सेकंदांचं काम. ते मी केलं नाही, कारण ते केलं असतं तर पडदा निसटला असता, आणि मग पन्नासावी गाय मिळाली नसती.

माझ्या बोटांना कळलं होतं. बाई खोटं बोलल्या, पण माझी बोटं खरं सांगत होती, आणि मी बाईंचं ऐकलं. सोयीचं होतं म्हणून.

आणि बत्तीस जणी गप्प असताना ही एकटी चाऱ्याच्या काड्यांवर गाभ धरून होती. उपाशी अंगानं सगळं सोडलं असतं, ते तिनं सोडलं नव्हतं. मी सोडवलं. वर तिच्या कळा सुरू असताना तिचा फोटो काढला आणि त्याला माज म्हटलं.

२६ डिसेंबर

प्रशस्तिपत्रक आलं. त्यावर मात्र 'जिल्हा लातूर' छापील आहे. दोन दिवस नांदेडला घरी जाऊन आलो. तारामतीनं पत्रक भिंतीवर लावायला काढलं, तर मी तिच्यावर खेकसलो. जेवताना ती म्हणाली, "तुम्ही सारखे हात का बघता?" काही नाही म्हणालो. तिनं भाकरी वाढली आणि विषय सोडला. लग्नाला नऊ वर्षं झाली, ती कधी फार विचारत नाही.

१९ जानेवारी १९८३

स्वतःहून चांगुणाबाईंकडे गेलो. बौद्धवाड्यात मी गेल्याचं बघून किशनराव वाटेत म्हणाले, "डाक्टर, तिकडं कशाला? गाय दवाखान्यात आणायला सांगायची." मी नुसता हसलो.

गुंजा तपासली. हातमोजा नव्हता, साबण लावून उघड्या हातानं, आणि घाई न करता. रेतन ठरलं नव्हतंच. दोन्ही अंडाशयं लहान, गुळगुळीत. सुकलेल्या पावट्याएवढी. वर काही नाही. तीही निजली.

'पुन्हा राहील' म्हणालो होतो मी. पाऊस पडेल, चारा येईल, अंगावर मांस चढेल, मग मेंदू हुकूम पाठवेल, मग कधीतरी. इंजेक्शनं माझ्या कपाटात अजून अकरा आहेत. या गायीपुढे ती साधं पाणी आहेत.

एक गोष्ट खटकली. मी तपासत होतो तेव्हा दावं शेजारच्या नागूबाईंनी धरलं होतं. चारा त्यांनीच टाकला. चांगुणाबाई उंबऱ्यात बसून होत्या, गायीजवळ आल्या नाहीत. तब्येत बरी नसेल.

१२ फेब्रुवारी

शेषेराव आज आपणहून बोलला. लसीच्या बाटल्या पुसता पुसता म्हणाला, "चांगुणाबाई गाय देऊन टाकायली. नायगावची भाची उद्या न्यायला येणार हाय."

"विकतायत?"

"न्हाई. फुकट. दोन महिने झाले, गुंजेच्या अंगाला हात लावला न्हाई तिनं. म्हंती, माझ्या तोंडानं लेकरू मारलं, माझा हात लागला तर गाय बी जाईल." मग बाटली ठेवून म्हणाला, "साहेब, एवढ्यासाठीच त्या दिशी तारीख इचारली व्हती म्या."

त्याच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडायला तोंड होतं कुठं?

म्हणजे १९ तारखेला माझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं, आणि मी डायरीत लिहिलं, तब्येत बरी नसेल. माझ्या वाट्याचं ओझं त्या बाई दोन महिने वाहतायत, आणि मी ते त्यांच्या डोक्यावर नीट बसवून दिलं. पुढच्या वेळी खरं सांगत जा!

उद्या जातो. सांगतो. नोकरीचं काय व्हायचं ते होईल. हे आता लिहायला सोपं जातंय.

१३ फेब्रुवारी

सकाळी नऊला गेलो. भाची आलेली होती. सिंधु नाव, तरुण, चुणचुणीत. गुंजेच्या गळ्यात नवीन दावं. नागूबाई डोळे पुसत होत्या. चांगुणाबाई उंबऱ्यातच.

मी जमिनीवर बसलो. त्या गडबडून सतरंजी आणायला उठल्या, मी नको म्हटलं. आणि सगळं सांगितलं. शास्त्राचे शब्द वापरले नाहीत. वापरले असते तर त्यांच्याआड लपलो असतो. म्हणालो, "चांगुणाबाई, तुमच्या खोट्यानं काही झालेलं नाही. गाय गाभण आहे हे माझ्या हाताला लागलं होतं. मला पन्नास आकडा भरायचा होता. मी दहा सेकंद थांबलो असतो तर वासरू वाचलं असतं."

 गुंजा कान हलवत उभी होती.

"तवाच कळलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"टोपलं घेऊन आले, तवा बी ठावं व्हतं?"

"हो. कबूल करायला आणखी दोन दिवस लागले. पण हो."

"मंग मला कामून बोलले तसं?"

 मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही, आणि त्या म्हणतील अशी आशा मी का धरली होती याची आता लाज वाटते. आपल्या मनातलं ओझं उतरावं म्हणून आपण गेलो आणि समोरच्या बाईनं ते उचलून घ्यावं, हा काय न्याय आहे?

मग त्यांनी एकच विचारलं. "तुमच्या वहीत काय लिवलंय गुंजेचं?"

"भाकड."

"ते बदला," त्या म्हणाल्या. "भाकड न्हवती ती. मला बी सासरी असंच ठरवलं व्हतं. सात वर्सांनी हाकलून दिलं. कोण्या डाक्टरला दावलं न्हाई, कुणी तपासलं न्हाई, नुसतं ठरवलं. तिचं तरी खरं लिवा."

मी म्हणालो, उद्या दवाखान्यात या, तुमच्यासमोर बदलतो.

सिंधु दावं हातात धरून तशीच उभी होती. चांगुणाबाईंनी तिला म्हटलं, "तू जेवून जा. गाय न्हाई येत."

१४ फेब्रुवारी

आल्या. नागूबाईंना सोबत घेऊन, धुतलेलं लुगडं नेसून. मी वही काढली. नंबर पन्नास. त्या ओळीवर साहेबांची तपासल्याची सही आहे. त्या सहीवर काट मारणं म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत आहे. खुलासा मागतील, प्रशस्तिपत्रक परत मागतील, कदाचित पुन्हा किनवट.  

'भाकड' खोडलं. लिहिलं: 'गाभण, अंदाजे पन्नास दिवस. तपासणीत लक्षणे आढळूनही दुर्लक्ष केले. इंजेक्शनमुळे गर्भपात. जबाबदार: मी.' खाली सही आणि तारीख.

शेषेरावनं मोठ्यानं वाचून दाखवलं. चांगुणाबाईंनी शांतपणे ऐकलं.

"वळू कुनाचा, ते लिवलं न्हाई," त्या म्हणाल्या.

त्या जागी रकाना आहे खरा. मी तो मुद्दाम कोरा ठेवला होता. म्हणालो, "बाई, ते राहू द्या. ही वही वर जाईल, गावात कळेल. किशनराव तुम्हाला त्रास देतील."

"तो गडी मागल्याच महिन्यात पुण्याला गेला कामाला. त्याला आता भ्या न्हाई."

"पण तुम्हाला?"

"साहेब, तुमी तुमचं खरं लिवलं. माझं अर्धं ठेवता व्हय? त्या दिशी तेवढंच झाकलं व्हतं म्या. लिवा. किशनरावचा वळू. त्यांचं काय ते मी बघून घेईन."

मी लिहिलं. शेषेरावनं वहीवर शिक्का मारला, 'उस्मानाबाद' खोडलं, 'लातूर' लिहिलं. चांगुणाबाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचायला लावली, पहिल्यापासून. 'गाभण' हा शब्द आला तेव्हा त्यांनी नागूबाईंकडे बघितलं.

मग पदरानं हात पुसत उठल्या. म्हणाल्या, गुंजेला पाणी दावायचं राहिलंय.